विमानाचं शेपूट कुणाकडे आहे? लष्कर आणि सिव्हिल एकत्र असलेल्या विमानतळावरचा जेट ब्लास्ट आणि रॅम्पवरची रीत

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्याला लोहगाववर ग्राउंड हँडलिंगच्या कामाला नुकताच लागलोय. सीनियर लोक सारखे 'मागे बघ, ब्लास्ट बघ' म्हणून ओरडतात. सुखोई तर आमच्या बेपासून (विमान उभं करायच्या जागेपासून) चांगल्या लांब असतात, मग त्यांच्या ब्लास्टची आम्हाला एवढी भीती कशाला? आणि एअर फोर्सच्या लोकांबरोबर काम करताना नेमकं काय पाळायचं, हे कुणी नीट सांगत नाही.

ब्लास्ट म्हणजे इंजिनातून मागे सुटणारा हवेचा झोत. सीनियर ओरडतात ते बरोबरच आहे, पण कारण बहुधा अर्धंच सांगतात. सुखोईचा ब्लास्ट भयंकर असतो तो रनवेवर. बेवर ट्रॉली ओढताना किंवा प्रवाशांना शिडीकडे नेताना तुम्हाला आडवं पाडेल ते विमान बहुतेक वेळा शेजारच्या बेवरचं, प्रवाशांनी भरलेलं, रोजच्या ओळखीचं एअरबस किंवा बोइंग असेल. मी आधी हवाई दलात इंजिनांवर काम केलं आणि नंतर सिव्हिलच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून चढ-उतार होते त्या जागेवर. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. प्रत्येकाला समोरच्याच्या विमानाची धास्ती असते, आपल्या विमानाचं शेपूट कुणाकडे वळतंय याकडे मात्र लक्ष नसतं.

याचं कारण वजनात आहे. सुखोई-३० एमकेआयला दोन एएल-३१एफपी इंजिनं असतात. आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय) लावला की एका इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, सुमारे साडेबारा टन, आफ्टरबर्नरशिवाय साडेसात टनांच्या थोडा वर. विमानाचं जास्तीत जास्त वजन ३८ टनांच्या आसपास. एवढी ताकद आणि एवढं कमी वजन असलं की विमान आयडलवरच, म्हणजे सगळ्यात कमी पॉवरवरच, पळायला बघतं. डिस्पर्सलमधून, म्हणजे फायटर उभ्या करायच्या जागेतून, निघताना सुखोईचा पायलट थ्रॉटल पुढे ढकलण्यापेक्षा ब्रेकवरच जास्त असतो. आता ए-३२० किंवा ७३७-८०० घ्या. भरलेलं वजन ७८-७९ टन आणि दोन्ही इंजिनं मिळून थ्रस्ट जेमतेम २२ ते २४ टन. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याच्या तापलेल्या काँक्रीटवर टायर दबून बसलेले असतात, टाकी भरलेली असते, एकही सीट रिकामी नसते. असं विमान जागचं हलवायला पायलटला पॉवर वाढवावीच लागते. भरलेली बैलगाडी हलवताना पहिल्या हिसक्यालाच सगळा जोर लागतो, चाक फिरलं की बैल सैल चालतात, तसंच हे. या पहिल्या हिसक्याला आपल्याकडे ब्रेकअवे म्हणतात. रॅम्पवरच्या ब्लास्टचे बहुतेक प्रसंग याच काही सेकंदांत घडतात.

७३७-८०० चा ब्लास्टचा तक्ता पाहिलात तर मागचा धोक्याचा पट्टा आयडलला सुमारे ३० मीटर असतो. ब्रेकअवे पॉवरला तोच दीडशे मीटरपर्यंत जातो आणि टेकऑफ पॉवरला साडेपाचशे मीटरच्याही पुढे. म्हणजे थ्रॉटल इंचभर पुढे गेला की पट्टा पाचपट लांब होतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आवाजातल्या किंचित बदलाखेरीज काहीच कळत नाही. या तक्त्यांत पट्टा संपतो तिथे वारा शून्य होतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. त्या रेघेवर वारा साधारण ताशी ५६ किलोमीटर वेगाचा असतो. म्हणजे रेघेच्या बाहेरही छत्री उलटी होईल एवढा वारा असतोच. शिवाय तक्ता सपाट जमीन आणि शांत हवा धरून काढलेला असतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा वाहत असला तर ब्लास्ट त्याच्याबरोबर बाजूला सरकतो, आणि 'मी तर इंजिनाच्या सरळ रेषेत नव्हतो' असं म्हणणारा माणूस नेमका तिथेच सापडतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हेही डोक्यात बसवून घ्या. ताशी ५६ किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास असतो. वेग १६० झाला की तोच दाब सुमारे १२० किलो होतो. वेग तिपटीहूनही कमी वाढला आणि दाब आठपट झाला. उभ्या माणसाचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरच्या वर असतं, म्हणजे छातीवर साठ-सत्तर किलोचा धक्का येतो. रिकामा एलडी-३ कंटेनर (विमानात बॅगा आणि माल भरायचा) सत्तर-ऐंशी किलोचा असतो आणि त्याचं क्षेत्रफळ माणसाच्या कितीतरी पट. तो डॉलीवर लॉक केलेला नसेल तर कुठे जाईल सांगता येत नाही.

२०१६ च्या जुलैत दिल्लीला एका विमानाच्या ब्लास्टने दुसऱ्या कंपनीच्या प्रवाशांना नेणाऱ्या बसची काच फुटली आणि आतले प्रवासी जखमी झाले. प्रवासी उघड्यावर चालत नव्हते, बसच्या आत होते. तिथे लढाऊ विमानाचा काही संबंधही नव्हता. टेकऑफच्या ब्लास्टचं उदाहरण हवं असेल तर कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनचं आहे. तिथल्या रनवेला अगदी लागून समुद्रकिनारा आहे आणि कुंपण धरून ब्लास्ट अंगावर घेणं हा पर्यटकांचा खेळ होऊन बसला होता. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडची एक महिला त्यातच कुंपणावरून उडाली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. तिथे पाट्या लावलेल्या होत्या.

आता तुमच्या बेवर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. सरळ पुढे जाणारं विमान फारसं त्रास देत नाही, वळणारं देतं. नव्वद अंशांत वळताना शेपूट मोठा चाप काढतं आणि ब्लास्ट त्या चापाबरोबर झाडू फिरल्यासारखा फिरतो. ज्या बसवर, शिडीवर किंवा माणसांवर पाच सेकंदांपूर्वी काहीच नव्हतं, त्यांच्यावर अचानक येतो. त्यात पायलट वळताना बाहेरच्या बाजूच्या इंजिनाला थोडी जास्त पॉवर देतो.

हल्ली इंधन वाचवायला एका इंजिनावर टॅक्सी करतात, म्हणजे जमिनीवर विमान चालवतात, त्याने यात भर पडली आहे. दोन इंजिनांनी मिळून जे काम करायचं ते एकाला करावं लागतं, म्हणून त्या एकाला जास्त पॉवर लागते. आणि चालू इंजिनाच्याच बाजूला वळायचं असेल तर आणखी जास्त, कारण तेच इंजिन विमानाला उलट बाजूला ढकलत असतं. ए-३२० च्या पायलटांना टॅक्सीत ४० टक्के एन-वनच्या (इंजिनाच्या फॅनच्या वेगाच्या) पुढे जाऊ नका असं शिकवतात. तुम्ही बाहेर उभे राहून टक्के मोजू शकत नाही, पण कोणतं इंजिन चालू आहे आणि विमान कुणीकडे वळणार आहे हे दोन्ही तुम्हाला दिसतं. एका इंजिनावर आलेलं विमान तुमच्या शेजारच्या बेमध्ये वळणार असेल तर ते वळून सरळ होईपर्यंत आपल्या प्रवाशांना शिडीच्या तोंडाशी थांबवा. मिनिटभराचा उशीर होईल, ड्यूटी मॅनेजर कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे विमान वळणाच्या मध्यावर थांबणं. पुढे एखादी गाडी आडवी आली किंवा मार्शलर (हाताच्या खुणांनी विमान जागेवर आणणारा) जागेवर नव्हता म्हणून पायलटने ब्रेक मारला. आता विमान तिरकं उभं आहे, नोजव्हील वळलेलं आहे, आणि पुन्हा हलवायला नेहमीच्या ब्रेकअवेपेक्षा जास्त पॉवर लागणार आहे. शेपूट नेमकं टर्मिनलकडे किंवा शेजारच्या बेकडे. चांगला पायलट अशा वेळी टग, म्हणजे विमान ओढणारी गाडी, मागवतो. घाईतला पायलट पॉवर लावतो. तुम्ही मार्शलर असाल किंवा हेडसेटवर असाल तर इथे तुमच्या शब्दाला वजन आहे: 'सर, मागे माणसं आहेत, टग घेऊ' एवढं म्हणा. आजवर एकाही कमांडरने यावर वाद घातलेला मी पाहिलेला नाही. त्याला मागचं दिसत नसतं, आणि तुम्ही सांगितलं तर तो आभारच मानतो.

मग एअर फोर्सचा ब्लास्ट कुठे येतो? लोहगावचा तळ १९३९ चा, ब्रिटिशांच्या काळातला. सुखोई-३० भारतात पहिल्यांदा १९९७ मध्ये आल्या त्या इथेच. रनवे एकच, टॉवर हवाई दलाचा, आणि सिव्हिलचा कारभार विमानतळ प्राधिकरणाच्या अप्रॉनपुरता, म्हणजे रॅम्पपुरता. अप्रॉनची रेघ ओलांडून टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गेलं की प्रत्येक हालचाल हवाई दलाच्या कंट्रोलरच्या परवानगीने. सुखोई रनवेवर लाइन-अप होऊन आफ्टरबर्नर लावते तेव्हा तिच्या मागच्या टोकाला कुणीही नसावं, याची काळजी टॉवर घेतो. तुम्ही घ्यायची ती अशी: इन्स्पेक्शनच्या गाडीने, गवत कापणाऱ्यांबरोबर किंवा बर्ड चेझरच्या टीमबरोबर त्या टोकाकडे गेला असाल, आणि रेडिओवर 'होल्ड' ऐकलंत, तर होल्ड म्हणजे होल्ड. आणखी वीस मीटर पुढे जाऊन सावलीत उभं राहू, असं नाही.

फायटरच्या इंजिनातून निघणारा झोत सिव्हिलच्या झोतापेक्षा वेगळा असतो. ७३७ च्या इंजिनात बहुतेक हवा मधल्या गरम भागाला वळसा घालून फॅनमधूनच मागे जाते, त्यामुळे तो झोत जाड, मोठा आणि तुलनेने थंड असतो. एएल-३१ मध्ये वळसा घालणारी हवा थोडी आणि गरम हवा जास्त. झोत अरुंद, तापलेला आणि वेगवान. त्याच्या कडेला उभं राहिलात तर काहीच जाणवत नाही, दोन पावलं आत गेलात तर भाजतो. गरम झोतामागे हवा थरथरताना दिसते हे खरं, पण मे महिन्यात पुण्याचा अख्खा टारमॅकच थरथरत असतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. एमकेआयचे नॉझल (इंजिनाची मागची तोंडं) हलतात, आणि हायड्रॉलिक प्रेशर गेलं की खाली झुकतात. नवीन मुलं झुकलेलं नॉझल बघून 'इंजिन बंद आहे, थंड आहे' असं समजतात. बंद असेल, थंड असेलच असं नाही. उभ्या फायटरच्या मागून न जाणं हेच उत्तम.

पुढूनही जाऊ नका. सुखोईच्या उजव्या बाजूला ३० मिलिमीटरची तोफ असते, पंखांखाली काय लावलंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही. हत्यारं लावलेल्या विमानाच्या नाकासमोरची जागा मोकळी ठेवायची, हा हवाई दलात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडा आहे. सिव्हिलमध्ये तो शिकवत नाहीत, म्हणून इथे सांगतोय.

आता उलटी बाजू. आपल्या विमानाचा ब्लास्ट त्यांच्यावर कसा जातो, याचा विचार सिव्हिलमध्ये फार थोडे करतात, आणि एअर फोर्सवाल्यांची खरी तक्रार तीच असते. डिस्पर्सलमध्ये किंवा टॅक्सीवेच्या कडेला थांबलेल्या फायटरची कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उन्हाळ्यात बऱ्याचदा उघडी असते, कारण आत पायलट भाजून निघत असतो. उघडी कॅनोपी म्हणजे वाऱ्याला धरायला आयतं मोठं पान. शिडी टेकवलेली असते, तिच्यावर एअरमन उभा असतो. आजूबाजूला लाल पट्ट्यांची कव्हरं, पिना, टूलबॉक्स. तुमच्या ए-३२१ ने तिथून वळताना थोडी जास्त पॉवर लावली तर कॅनोपीच्या बिजागरीपासून एअरमनच्या मानेपर्यंत काहीही मोडू शकतं. ए-३२१ चं वजन ९० टनांच्याही वर जातं, म्हणजे तिचा ब्रेकअवे आणखी तगडा.

त्याहून छुपं नुकसान कचऱ्याचं. आपल्या अप्रॉनवर रोज काय पडतं ते बघा: बॅगेचं तुटलेलं चाक, झिपचा खटका, छोटं कुलूप, बॅगेज टॅगची चिकटपट्टी, पाण्याच्या बाटलीचं झाकण, प्लॅस्टिकची पिशवी. हे सगळं आपला ब्लास्ट टॅक्सीवेवर नेऊन टाकतो आणि दहा मिनिटांनी तिथून सुखोई जाते. सुखोईच्या इनटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडात) जमिनीवर असताना वर येणारी जाळी असते. दगड आणि बोल्ट ती अडवते. प्लॅस्टिकची पिशवी जाळीवर चिकटली तर इंजिनाला हवा कमी पडते, ते वेगळंच. बारीक वाळूला जाळी काहीच करू शकत नाही. मिग-२९ च्या जुन्या प्रकारात यावर वेगळा उपाय होता: जमिनीवर मुख्य इनटेक झाकून वरच्या फटींतून हवा घ्यायची. नौदलाच्या मिग-२९के मध्ये त्या फटी काढून जाळी बसवली. उपाय कोणताही असो, तुमची बाटलीची झाकणं त्यांच्या इंजिनावर उपकार करत नाहीत. वाकून उचलून खिशात टाकणं, हा रॅम्पवरचा सगळ्यात स्वस्त शिष्टाचार. एअर फोर्समध्ये फ्लाइंग सुरू होण्याआधी सगळे ओळीने चालत टारमॅक वेचतात. त्यात मोठे अधिकारीही असतात.

ड्रॅग शूटचंही असंच. सुखोई उतरल्यावर मागून पॅराशूट उघडते आणि पुढे जाऊन ते टाकून देते. ग्राउंड क्रू ते गोळा करतो. पडलेलं शूट आणि त्याच्या दोऱ्या तुमच्या ब्लास्टने पुन्हा फुगल्या तर ते टॅक्सीवेवरून कुठेही जाईल. शूट दिसलं की टॉवरला सांगा आणि त्याच्याकडे शेपूट करून थांबू नका. शूट रनवेवरच पडलं असेल तर काही मिनिटं सगळंच थांबतं. तेव्हा रेडिओवर उसासे टाकून काही होत नाही.

प्रोपेलरच्या विमानांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि ही मला सगळ्यात धोकादायक सवय वाटते. सी-१३०जे प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उलटा करून स्वतःच्या ताकदीवर मागे जाऊ शकतं, टगशिवाय. तसं ते मागे येतं तेव्हा हवेचा झोत मागे नाही, पुढे जातो. नाकासमोर उभं राहून 'मागे तर कुणीच नाही, आपण सुरक्षित' म्हणणाऱ्याची टोपी तर जातेच, डोळ्यांत वाळूही जाते. सी-१७ ही रिव्हर्सर लावून मागे येऊ शकतं. एएन-३२ ची इंजिनं पंखाच्या वर असल्याने त्याचा झोत थोडा उंचावरून जातो, पण फिरतं प्रोपेलर दुपारच्या उन्हात दिसतच नाही, हा त्याचा खरा धोका. आणि मी-१७ हेलिकॉप्टर. जास्तीत जास्त १३ टन. तेवढं वजन हवेत तोलायला तितकीच हवा खाली ढकलावी लागते, आणि ती जमिनीला आपटून चारी दिशांना पसरते. जेटचा ब्लास्ट एका बाजूला जातो, हेलिकॉप्टरचा सगळीकडे. मी-१७ ला चाकं आहेत, त्यामुळे ते जमिनीवर टॅक्सी करतं तेव्हा वारा थोडा सुसह्य असतो. हवेत तरंगत सरकू लागलं की कोन, चोक (चाकांना लावायच्या अडण्या), ताडपत्र्या, सगळं आधी सांभाळा.

गोव्याला दाबोळीवर चित्र थोडं वेगळं आहे. तो तळ नौदलाचा, आयएनएस हंसा. हंसा आधी कोइंबतूरला होतं, १९६४ मध्ये गोव्यात आलं. तिथे मिग-२९के असतात, तटरक्षक दल आणि नौदलाची डॉर्नियर असतात, आणि समुद्रावर टेहळणी करणारं पी-८आय असतं, जे मुळात ७३७-८०० वरच बेतलेलं आहे. नौदलाच्या फायटरच्या सरावासाठी सकाळचे काही तास राखून ठेवलेले असतात, तेव्हा सिव्हिलला सहसा हालचाल नसते. ८ जून २०१९ ला मिग-२९के च्या टेकऑफच्या वेळी खाली लावलेली इंधनाची टाकी निसटून रनवेवर पडली आणि आग लागली, विमानतळ काही तास बंद. त्याआधी ३ जानेवारी २०१८ ला एक मिग-२९के टेकऑफलाच रनवे सोडून बाहेर गेलं आणि पेटलं, पायलट वाचला. सिव्हिलच्या बाजूलाही असे प्रसंग झाले: २७ डिसेंबर २०१६ ला प्रवाशांनी भरलेलं एक ७३७ टेकऑफआधी रनवेवरून बाहेर जाऊन वळलं. तीनही वेळा रनवे बंद पडला आणि दोन्ही बाजूंना वाट पाहावी लागली. २०२३ च्या जानेवारीत गोव्यातला दुसरा विमानतळ, मोपा, सुरू झाल्यापासून दाबोळीवरचा सिव्हिलचा ताण कमी झालाय.

नौदलाच्या ग्राउंड क्रूबद्दल एक निरीक्षण आहे. जहाजाच्या डेकवर काम केलेला माणूस विमानाच्या मागच्या बाजूचा जितका धाक बाळगतो तितका दुसरा कुणी बाळगत नाही. डेकवर मागे समुद्र असतो. टेकऑफच्या जागेमागे ब्लास्ट अडवायला पोलादी पत्रे उभे करतात, आणि तरीही माणसं वाकून, बाजूला, ठरलेल्या जागी थांबतात. आपल्या अप्रॉनवर ब्लास्ट फेन्स (झोत अडवायची भिंत) असली की लोक तिच्या मागे निवांत उभे राहतात. फेन्स झोत वर वळवते, गिळत नाही. तिच्यावरून गेलेली वाळू आणि खडे पलीकडेच पडतात.

आता वागणुकीच्या बारीक गोष्टी. तुमचं काम रॅम्पवरचं आहे, पण पायलटांशी तुमचं बोलणं होतं, म्हणून त्यांच्यासाठीच्याही सांगतो. रात्री समोर फायटर किंवा मार्शलर असेल तर टॅक्सी लाइट बंद करावी, आणि रनवेवर जाईपर्यंत स्ट्रोब (लखलखणारे पांढरे दिवे) लावू नये. रात्री उडणाऱ्या फायटर पायलटने अंधाराला डोळे सरावलेले असतात. एक स्ट्रोब त्याची पंधरा-वीस मिनिटांची मेहनत घालवतो. टॅक्सीत जास्त पॉवर लागणार असेल, वजन जास्त असेल किंवा टॅक्सीवे चढाचा असेल, तर टॉवरला आधीच सांगावं. कंट्रोलर मागच्याला थांबवतो किंवा दोन मिनिटं देतो. न सांगता पॉवर लावली तर त्याला काही करताच येत नाही. लक्षात घ्या, फायटर बऱ्याचदा वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात. तुमच्या पायलटला रेडिओ शांत वाटतो म्हणजे रनवे रिकामा आहे असं नाही. सगळं चित्र फक्त टॉवरकडे असतं.

ओआरपीवर, म्हणजे रनवेच्या टोकाला तयारीत ठेवलेल्या फायटरना निघायचा आदेश आला की तुमच्या पायलटला कारण न सांगता थांबायला सांगतील. तुमच्या प्रवाशांची कनेक्टिंग फ्लाइट मुंबईहून चुकणार असेल, तरी थांबायचं. पुशबॅक झालेलं विमान मध्येच उभं असेल तर परत बेमध्येही घ्यायला सांगू शकतात. टगचा ड्रायव्हर तेव्हा चहाला गेलेला नसावा, एवढी काळजी तुम्ही घ्या.

गाड्यांचं थोडक्यात. बीकन (विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा) लागला की मागून जाणं बंद. मार्शलर आणि विमान यांच्या मधून कधीच जायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगाववरून दिल्लीला निघालेल्या ए-३२१ च्या पायलटला टेकऑफच्या धावेत रनवेवर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान लवकर उचललं, शेपूट रनवेवर घासलं, विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. रनवेजवळ गाडी घेऊन जायची परवानगी ज्याच्याकडे आहे त्याने हा प्रसंग विसरू नये.

मागच्या ब्लास्टबद्दल बोलताना पुढचा ओढा विसरला जातो. ७३७ चं इंजिन जमिनीपासून अर्ध्या मीटरहून कमी उंचीवर असतं. आयडललाही त्याच्या तोंडापासून सुमारे तीन मीटरचा भाग धोक्याचा, पॉवर वाढली की चार मीटरच्या वर. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईला पुशबॅक झालेलं ए-३१९ सिग्नलच्या गैरसमजातून पुढे सरकलं आणि इंजिनाकडे पाठ करून उभा असलेला तंत्रज्ञ त्यात ओढला गेला. हेडसेट काढल्यावर, टो-बार (विमान टगला जोडणारा दांडा) सुटल्यावर, आधी बाजूला जाऊन पायलटला दिसेल असं उभं राहायचं आणि अंगठा दाखवायचा. पायलटने हात दाखवल्याशिवाय तुमचं काम संपत नाही.

एअर फोर्सचा मार्शलर शेवटी सॅल्यूट करतो. सिव्हिलचे काही पायलट ते बघतच नाहीत, चेकलिस्टमध्ये असतात. तुम्ही जमिनीवरून हात उंचावलात तरी चालतं, तेवढं त्यांना पुरतं. फोटो मात्र नाही. लोहगाववर विमानातही घोषणा होते की हा संरक्षण दलाचा तळ आहे, फोटो काढू नका. तुमच्याकडे रॅम्पचा पास आहे म्हणून ती तुम्हाला लागू नाही असं नाही, उलट जास्त लागू आहे. फोन खिशात ठेवा. पहाऱ्यावरचा जवान समजूत काढत बसत नाही, आणि त्याने काढूही नये.

कुणाचा ब्लास्ट तुमच्यावर आला तर रेडिओवर भांडू नका. वेळ, बे, विमानाचा नंबर, वळण कुणीकडे होतं, कोणती इंजिनं चालू होती, मागे काय होतं, हे लिहून ठेवा आणि तुमच्या सेफ्टी विभागाला रिपोर्ट द्या. फायटरचा प्रसंग असेल तर ड्यूटी मॅनेजरमार्फत टॉवरला फोन जाऊ द्या. हवाई दलात फ्लाइट सेफ्टीचा अधिकारी असतोच आणि तो अशा फोनवर चिडत नाही. उलट आपल्या बाजूचा ब्लास्ट त्यांच्यावर गेला असेल तर त्यांचा फोन येण्याआधी आपला जावा. अशा एका फोननंतर पुढच्या महिन्यात तुम्हाला होल्ड लाइनवर दोन मिनिटं कमी थांबायला लागल्याचंही मी पाहिलंय.

आणि कानांचं. आफ्टरबर्नरच्या जवळ आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो. नुसते फोमचे प्लग पुरत नाहीत, नुसते मफही पुरत नाहीत, दोन्ही एकत्र लावायचे. कंपनीने मफ दिले नसतील तर लेखी मागा. दिले असतील आणि तुम्ही ते गळ्यात लटकवून फिरत असाल, तर सीनियरचं ओरडणंही तुम्हाला फार दिवस ऐकू येणार नाही.